एकच पिट, दोन गाड्या

१२ मे २००२, रविवार. दुपारी आमरस झाला होता. अण्णांची सूतगिरणीत रात्रपाळी, म्हणून ते आतल्या खोलीत झोपलेले. बाहेर मी आणि दादा टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसलेलो. साडेपाचला ऑस्ट्रियातली शर्यत सुरू झाली. फॉर्म्युला वन आवाज बारीक करून बघणं म्हणजे तमाशाला जाऊन कानात बोळे घालणं. पण मिरजेतल्या दोन खोल्यांच्या घरात दुसरा इलाज नव्हता.

दादा शूमाकरवाला. पलंगाच्या वर भिंतीला लाल फेरारीचं पोस्टर होतं, ते त्याचं. मी बॅरिकेलोवाला, तो फेरारीचाच दुसरा ड्रायव्हर. का, तर धाकट्याला दुसरा कुणीतरी निवडावाच लागतो. मी बारावी देऊन निकालाची वाट बघत होतो आणि दादाचं पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. म्हणजे दोघांनाही त्या उन्हाळ्यात शर्यती बघण्यापलीकडे फारसा उद्योग नव्हता.

त्या दिवशी माझा माणूस पोलवरून, म्हणजे सगळ्यांच्या पुढच्या जागेवरून, सुटला होता आणि शेवटीही पुढेच होता. मागे शूमाकर, त्याच रंगाच्या गाडीत. बाकीचे लांब कुठेतरी. दोन फेरारी अशा एकीमागे एक निवांत चालल्या की पुढे काही घडत नाही, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं, त्यामुळे मनातल्या मनात मी जिंकूनही टाकलं होतं. शेवटच्या लॅपचं शेवटचं वळण. बॅरिकेलो वळणातून बाहेर आला, समोर फिनिश लाईन, आणि त्याची गाडी मंदावली. मला वाटलं टायर गेला. मग वाटलं पेट्रोल संपलं. शूमाकर बाजूनं निघून गेला. दोघांत अंतर ०.१८२ सेकंद.

मग तिथलं पब्लिक ओरडायला लागलं. आवाज बारीक होता तरी हा ओरडा आनंदाचा नाही हे कळत होतं. पोडियमवर शूमाकरनं बॅरिकेलोला धरून पहिल्या पायरीवर ढकललं आणि स्वतः दुसऱ्या पायरीवर उभा राहिला. राष्ट्रगीत जर्मनीचं आणि वरच्या पायरीवर ब्राझीलचा माणूस. मी रडकुंडीला आलो होतो. दादाचा शूमाकर जिंकला होता, एरवी त्यानं मला दोन दिवस पिडलं असतं. तो नुसता बघत होता.

"हे बरं नाही झालं," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"दोघांचंबी."

आतून अण्णांचा खोकला ऐकू आला आणि आम्ही टीव्ही बंद केला.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात आणि दोन ड्रायव्हर. वर्षाअखेर दोन अजिंक्यपदं दिली जातात, एक टीमला, एक ड्रायव्हरला. बक्षिसाचा पैसा वाटला जातो तो टीमच्या क्रमांकावरून. गंमत अशी, की टीमच्या खात्यात दोघांचेही गुण जमा होतात. सध्याच्या पद्धतीत पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला १८. आपले दोघे पहिले-दुसरे आले तर कुठल्याही क्रमानं आले तरी टीमचे ४३ ते ४३च. त्या दोघांनी जागा बदलल्यानं टीमला एका पैचा फायदा नाही. फरक पडतो तो ड्रायव्हरच्या अजिंक्यपदात. आणि ते एकच असतं.

२००२मध्ये फेरारीला हा फरक पाडून घ्यायची खरंच किती गरज होती? ती मोसमातली सहावी शर्यत होती. आधीच्या पाचपैकी चार शूमाकरनं जिंकलेल्या. जुलैत फ्रान्समध्ये त्याचं अजिंक्यपद पक्कं झालं तेव्हा अजून सहा शर्यती बाकी होत्या. वर्षाअखेर त्याचे १४४ गुण, बॅरिकेलोचे ७७. दोघांचे मिळून २२१, आणि उरलेल्या सगळ्या टीमच्या गुणांची बेरीज केली तर तीही २२१! म्हणजे अर्धं जग एकीकडे आणि फेरारी एकीकडे. गोदाम भरलेलं असताना धाकट्याच्या डब्यातले दाणे काढून घेण्यातला प्रकार होता तो. बरं, पहिल्यांदाही नव्हता. आदल्या वर्षी याच ट्रॅकवर याच बॅरिकेलोनं याच माणसाला शेवटच्या लॅपमध्ये दुसरी जागा सोडली होती.

फेरारीच्या मंडळींना नंतर दहा लाख डॉलर दंड झाला, त्यातला अर्धा स्थगित. पण कशाबद्दल? पोडियमवर पायऱ्यांची अदलाबदल केल्याबद्दल. शर्यतीचा निकाल फिरवण्याविरुद्ध तेव्हा नियमच नव्हता. त्या सप्टेंबरात इंडियानापोलिसला शूमाकर फिनिश लाईनपाशी हळू झाला आणि बॅरिकेलो ०.०११ सेकंदानं जिंकला. उसनं फेडल्यासारखं. पण उसनं मुळात कुणी दिलं होतं? बॅरिकेलोनं दिलं नव्हतं, त्याच्याकडून ते घेतलेलं होतं.

(त्याच वर्षी ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून सचिनला शूमाकरच्या हस्ते फेरारी मिळाली. पोस्टर त्यामुळे भिंतीवर टिकलं, नाहीतर मी ते फाडणारच होतो.)

पुढच्या वर्षीपासून नियम आला, निकालावर परिणाम करणारे टीमचे आदेश बंद. बंद केल्यावर काय होतं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. माणसं आडून बोलायला लागतात. २५ जुलै २०१०, हॉकेनहाइम. फेरारीचा फेलिपे मासा पुढे आहे, मागे फर्नांडो अलोन्सो. बरोबर वर्षापूर्वी, २५ जुलैलाच, हंगेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग माशाच्या हेल्मेटवर आदळली होती आणि तो मरता मरता वाचला होता. ती पुढची गाडी बॅरिकेलोची होती, हाही एक योग. तर वर्षभरानं हा मासा शर्यत जिंकायच्या बेतात असताना त्याचा इंजिनिअर रॉब स्मेडली रेडिओवर एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. निरोप कळला का, तेवढं सांग." आदेश कुठेच नाही. नुसती माहिती. माशानं पुढच्याच एका वळणावर जागा सोडली. फेरारीला एक लाख डॉलरचा दंड झाला, आणि २०११पासून तो नियमच काढून टाकला.

ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात काहीतरी हललं. कारण अशा वाक्यांशी माझी जुनी ओळख होती.

जून २००२. माझा निकाल लागला, पुण्यात एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पेमेंट सीट मिळत होती. दादाचा डिप्लोमा झाला होता, त्याला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं होतं. एका रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "गिरणीचा पगार तीन महिने थकलाय. यंदा एकाचंच जमंल." कुणाचं ते बोलले नाहीत. दोघांपैकी कुणाकडे बघितलंही नाही, ताटातल्या भाकरीकडे बघून बोलले. आईनं आमटी वाढली. तीन दिवसांनी दादा म्हणाला, कुपवाडला एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये जागा आहे, आणि तसाही त्याला शिकायचा कंटाळाच आलाय.

निरोप कळला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, नाहीतर हा लेख घरातच अडकून बसेल. दोन्ही ड्रायव्हरना टीमनं सारखं वागवावं का? बरीच वर्षं माझं उत्तर एका शब्दाचं होतं. आता ते तसं राहिलेलं नाही. काही जण उघड उघड दुसरे म्हणूनच येतात, आणि त्यात मला अन्याय दिसत नाही. एडी आयर्विन १९९६ ते ९९ शूमाकरच्या शेजारी होता आणि आपली जागा कुठली याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता. मग १९९९मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरचा पाय मोडला आणि रातोरात आयर्विन पहिला झाला. शूमाकरच्या जागी मिका सालोला आणलं. हॉकेनहाइमला हा सालो चक्क आघाडीवर होता. त्यानं आयुष्यात एकही ग्रां प्री जिंकली नव्हती, पुढेही कधी जिंकली नाही. त्यानं आयर्विनला जागा दिली. आयर्विननं नंतर विजेत्याचा करंडक त्याच्या हातात ठेवला. मोसमाच्या शेवटी शूमाकर परतला तेव्हा मलेशियात त्यानं, जगातल्या पहिल्या नंबरच्या माणसानं, आयर्विनला पुढे काढून दिलं. अजिंक्यपद तरीही दोन गुणांनी हुकलं, ते सोडा. पण त्या वर्षी जागा सोडणाऱ्यांपैकी कुणाची मान खाली गेलेली मला आठवत नाही.

मला खटकतं ते सारखं वागवायचं कबूल करून तसं न वागवणं. आणि ते नेमकं कधी उघडं पडतं, हे बघायची मला आता सवय लागली आहे. जिथे वस्तू दोन असतात तिथे सगळेच धर्मराज. दोन गाड्या, दोन इंजिनं, दोन इंजिनिअर, वाटून टाका. खरी परीक्षा जिथे वस्तू एकच उरते तिथे.

सिल्व्हरस्टोन, २०१०. रेड बुलनं गाडीच्या नाकावर बसवायचे दोन नवे विंग आणले, एक सेबॅस्टियन फेटेलला, एक मार्क वेबरला. शनिवारच्या सरावात फेटेलचा तुटला. आता विंग एक आणि माणसं दोन. टीमनं वेबरच्या गाडीचा काढून फेटेलच्या गाडीला बसवला. समजा, नियम आधी सांगितलेला असता की मोडतोड झाली तर गुणांत पुढे असेल त्याला मिळणार, तर वेबर कुरकुरला असता आणि गप्प बसला असता. पण हे गुणांचं कारण पुढे आलं ते विंग हलवल्यावर. दुसऱ्या दिवशी वेबर पहिल्याच वळणावर पुढे गेला, शर्यत जिंकला आणि रेडिओवर म्हणाला, "दुसऱ्या नंबरच्या ड्रायव्हरच्या मानानं वाईट नाही!" हे वाक्य मी ऑफिसात किती वेळा वापरलंय याची गणती नाही, आणि एकदाही कुणाला कळलेलं नाही.

सगळ्यात कठीण वस्तू म्हणजे पिट. टीमचे ड्रायव्हर दोन, पण टायर बदलायची जागा एकच. जो आधी आत येईल त्याला नवे टायर आधी मिळतात आणि त्या एकाच लॅपमध्ये तो पुढच्याला मागे टाकू शकतो. म्हणून रीत अशी, की पुढे आहे त्याला पहिला मान. सत्यनारायणाच्या पंगतीत पहिलं पान कुणाचं, त्यातलाच प्रकार. २००७ साली हंगेरीत याच एका जागेवरून मॅक्लारेनची टीम दुभंगली. अलोन्सो दोन वेळचा जगज्जेता, लुईस हॅमिल्टन पहिल्याच वर्षाचा पोरगा, आणि टीमचं धोरण दोघे समान. सुटायची जागा ज्या फेरीत ठरते त्या पात्रता फेरीत ठरलं होतं की हॅमिल्टन अलोन्सोला पुढे जाऊ देईल. त्यानं दिलं नाही. मग अलोन्सो पिटमध्ये टायर बदलून झाल्यावरही गाडी तशीच उभी करून बसला, मागे हॅमिल्टन ताटकळत. हॅमिल्टनचा शेवटचा लॅप हुकला. अलोन्सोला पाच जागा मागे ढकलण्यात आलं, टीमला त्या शर्यतीचे गुण मिळाले नाहीत. मोसमाअखेर हॅमिल्टन १०९, अलोन्सो १०९, आणि फेरारीचा किमी रायकोनेन ११०.

सारखं वागवण्याची किंमत म्हणून हे उदाहरण देतात, आणि ते खोटं नाही. १९८६मध्ये विल्यम्सच्या मॅन्सेल आणि पिकेनं एकमेकांचे गुण खाल्ले आणि त्यांच्यापेक्षा हळू गाडीतला प्रॉस्ट दोन गुणांनी जगज्जेता झाला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, हे आपल्याला माकडानं लोण्याचा गोळा खाल्ला तेव्हापासून ठाऊक आहे. पण दुसऱ्या बाजूची किंमतही असते, ती फारसं कुणी मोजत नाही. २०२४ला रेड बुलचा मॅक्स फेरस्टापेन ४३७ गुण मिळवून जगज्जेता झाला. शेजारच्या गाडीतल्या सर्जिओ पेरेसचे गुण १५२. टीम तिसरी! वर्षानुवर्षं गाडी एकाच्याच हाताला बेतत गेली, की दुसरा कुणीही आणून बसवा, तो घसरतो. पेरेसनंतर लियम लॉसनला बसवलं, दोन शर्यतींत उठवलं. मला त्या दुसऱ्या खुर्चीबद्दल वाचताना आमच्या घरची सायकल आठवते. दादाच्या उंचीला सीट बसवलेली, नट गंजलेला, मी अधांतरी पाय मारत शाळेत जायचो.

सायकल, शर्ट, वह्यांची कोरी उरलेली पानं, सगळं मला दादाच्या नंतर मिळालं. म्हणून अनेक वर्षं मी स्वतःला मनापासून दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर समजत आलो. बॅरिकेलोची कड घेत आलो. पुण्यात होस्टेलवर राहून इंजिनिअर झालो, नोकरी लागली, हिंजवडीत फ्लॅट झाला. आणि एका शर्यतीच्या संध्याकाळी, बहुतेक २०१८च्या रशियातल्या सोचीच्या, जेव्हा मर्सिडीजनं पुढे असलेल्या बोटासला हॅमिल्टनसाठी बाजूला व्हायला लावलं आणि जिंकलेला हॅमिल्टन ओशाळल्यासारखा उभा होता, तेव्हा मला लख्ख दिसलं की आमच्या घरात फिनिश लाईनच्या अलीकडे ब्रेक मारणारा मी नव्हतो. मी मागून आलेल्या लाल गाडीत होतो.

जिंकलेल्याचं काय होतं, हे या सगळ्या चर्चेत कुणी विचारत नाही. शूमाकरचा चेहरा आठवा. तो ढकलतोय, करंडक देऊन टाकतोय, आणि लोक त्याच्यावरच ओरडताहेत. आदेश त्यानं दिला नव्हता. तो टीमप्रमुख ज्याँ टॉडकडून आला होता. पण गाडी त्यानंच पुढे घातली. तिथे त्यानं ब्रेक मारला असता तर? तोही पर्याय होताच की, चार महिन्यांनी इंडियानापोलिसला त्यानं तो वापरलाच. जूनमधल्या त्या जेवणानंतर तीन दिवस माझ्याकडेही होते. मी ते तीन दिवस होस्टेलला न्यायच्या ट्रंकेला रंग देत होतो.

१९५६ची एक गोष्ट आहे. इटलीत मोंझाला मोसमातली शेवटची शर्यत, फेरारीच्या हुआन मॅन्युएल फांगिओची गाडी मोडली. त्या काळी एकाची गाडी दुसऱ्यानं घेतली तर चालत असे, गुण वाटून मिळत. लुइजी मुस्सो पिटमध्ये आला, त्याला गाडी सोड म्हणाले, तो काही उतरला नाही. मग पीटर कॉलिन्स आला. वय २४. त्याला स्वतःलाही त्या दिवशी जगज्जेता व्हायची संधी होती. तो उतरला आणि गाडी फांगिओला दिली. फांगिओ ४५ वर्षांचा, त्याचं ते चौथं अजिंक्यपद. कॉलिन्सचं म्हणणं, आपल्याकडे अजून वेळ आहे. दोन वर्षांनी न्युरबर्गरिंगला अपघातात तो गेला.

लोक कॉलिन्सला खेळाडूवृत्तीचा पुतळा करून ठेवतात. मला मुस्सोही आवडतो. त्याच्या देशातली शर्यत, त्याच्या देशातली गाडी, त्याचं आयुष्य. त्याला विचारलं आणि तो नाही म्हणाला. नाही म्हणता आलं, हे महत्त्वाचं. बॅरिकेलोला म्हणता आलं नाही, माशाला आलं नाही. ताटावर बसलेल्या २१ वर्षांच्या पोराला येतं का, हे मला माहीत नाही.

आणि त्याच्या आदल्या वर्षीची एक. १९५५, इंग्लंडातला एन्ट्री नावाचा ट्रॅक. मर्सिडीजच्या त्या दिवशी चार गाड्या, त्यांतल्या दोन गाड्यांत फांगिओ आणि पंचविशीतला स्टर्लिंग मॉस. मॉस आपल्या देशातल्या लोकांसमोर पहिल्यांदाच ग्रां प्री जिंकला, अगदी थोडक्या फरकानं. त्यानं फांगिओला विचारलं, तुम्ही मला जिंकू दिलंत का? फांगिओ म्हणाला, नाही, आज तूच चांगला चालवलास. मॉस नव्वद वर्षं जगला. त्या उत्तराबद्दल त्याची शेवटपर्यंत खात्री झाली नाही.

७ सप्टेंबर २०२५. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, मिरजेतले ढोल अजून कानात घुमत होते. अण्णा जाऊन सात वर्षं झाली, गणपतीला मात्र मी घरी येतोच. रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, आईनं दुपारपासून वेध पाळलेले, म्हणजे घरात चहासुद्धा नाही. दादानं कुपवाडला आता स्वतःचं लेथचं वर्कशॉप टाकलंय, बोटांच्या पेरांत काळं तेल कायमचं मुरलंय. त्याच्या मोबाईलवर, तांब्याला टेकवून, आम्ही मोंझाची शर्यत बघत होतो. फेरस्टापेन लांब पुढे. दुसरा मॅक्लारेनचा लँडो नॉरिस, तिसरा मॅक्लारेनचाच ऑस्कर पियास्त्री. अजिंक्यपदाची झुंज या दोघांतच, आणि टीमचा हट्ट तोच जुना, दोघे समान.

मागून येणाऱ्यापासून सावध राहायला टीमनं पियास्त्रीला आधी आत घेतलं, म्हणजे पहिलं पान धाकट्याला वाढलं. नॉरिस म्हणाला, हरकत नाही, पण त्यामुळे माझी जागा जाता कामा नये. पुढच्या लॅपला नॉरिस आत आला आणि त्याचं एक चाक बसेना. ५.९ सेकंद. बाहेर येतो तर पियास्त्री पुढे. रेडिओवर पियास्त्रीला सांगितलं, जागा परत दे. तो म्हणाला, पिटमध्ये उशीर होणं हा शर्यतीचाच भाग आहे असं आपलं ठरलं होतं, आता काय बदललं? पण तुम्हाला हवंच असेल तर देतो. आणि दिली. पुढे चाललेल्या फेरस्टापेनला हे कळलं तर तो रेडिओवर खदखदून हसला.

मी तावातावानं पियास्त्रीची बाजू घेतली. क्रम बदलला त्याची भरपाई ठीक, पण चाक अडकलं त्यात त्याचा काय दोष? दादा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "चाक अडकलं ते मेकॅनिकचं. पण नॉरिसला मागं कुणी थांबवलं? टीमनंच ना? मग त्यांनीच निस्तरायचं." मेकॅनिकच्या बाजूनं विचार करणारा माणूस आहे तो. एका चाकाच्या नटासाठी सहा सेकंद लागले तर त्याला त्या नटाचं वाईट वाटतं.

त्या अदलाबदलीत नॉरिसला १५च्या जागी १८ गुण मिळाले. डिसेंबरात अबू धाबीत हिशेब झाला तेव्हा नॉरिस ४२३, फेरस्टापेन ४२१, पियास्त्री ४१०. ते तीन गुण वजा करून बघा. बाकी सगळं जसंच्या तसं घडलं असतं असं धरलं, तर फेरस्टापेन एका गुणानं जगज्जेता! समान वागणुकीपायी मॅक्लारेन अजिंक्यपद घालवणार असं वर्षभर बोललं जात होतं, आणि शेवटी त्या हट्टातल्या सगळ्यात वादग्रस्त तीन गुणांवरच ते तरलं. यातून कुठला नियम काढावा ते मला अजून उमगलेलं नाही. जमलं ते जेमतेम, आणि एकाच्या पदरात पडलं. पियास्त्रीनं त्या संध्याकाळी काय गिळलं ते तोच जाणे.

पण हा हिशेब नंतरचा. त्या संध्याकाळी शर्यत संपली, दादानं मोबाईल चार्जिंगला लावला. आई देवापुढे जप करत होती. ग्रहण लागायला अजून वेळ होता. मला कुठून धीर आला कुणास ठाऊक, २३ वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"दादा, त्या वेळी तू मुद्दाम सोडलंस का रे? डिग्रीचं."

त्यानं वायर नीट खोचली, लाल दिवा लागला का बघितलं.

"मला टक्के किती होते माहितीय का तुला? पंचावन्न. कोण घेणार हुतं थेट दुसऱ्या वर्षाला?" मग हसला. "चल, टेरेसवर जाऊ. चंद्र वर आला असंल."

दादाची मार्कलिस्ट आईच्या लोखंडी कपाटात आहे, मधल्या खणात, रेशनकार्डाच्या पिशवीखाली. किल्ली कपाटालाच लटकत असते. मी जिना चढून त्याच्यामागे गेलो.